जुनी अमेरिकन चांदीची नाणी : संग्रह आणि ग्रेडिंग – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या मुलांकडून, भावंडांकडून आलेली नाणी आणि तिथल्या मराठी घरांत साचलेली नाणी यांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र दिले आहेत. उत्तर दुसऱ्या प्रश्नात आले असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. अमेरिकेची नेमकी कोणती नाणी चांदीची आहेत?

डाइम (१० सेंट), क्वार्टर (२५ सेंट) आणि हाफ डॉलर १९६४ सालापर्यंत ९० टक्के चांदीचे होते, उरलेले १० टक्के तांबे. १९६५ च्या कायद्याने चलनातल्या डाइम आणि क्वार्टरमधून चांदी गेली. केनेडी हाफ डॉलरमध्ये मात्र १९६५ ते १९७० या काळात ४० टक्के चांदी राहिली. चांदीच्या डॉलरमध्ये लोकांच्या हाती जास्त येतात ते दोन : मॉर्गन (१८७८ ते १९०४ आणि १९२१) आणि पीस (१९२१ ते १९२८, १९३४ आणि १९३५).

पाच सेंटचे निकेल एरवी चांदीचे नसते. दुसऱ्या महायुद्धात निकेल धातू वाचवायचा होता म्हणून १९४२ च्या उत्तरार्धापासून १९४५ पर्यंत त्यात ३५ टक्के चांदी घातली. मागच्या बाजूला घुमटाच्या वर ठसठशीत मोठे अक्षर दिसले की ते हेच.

पटकन ओळखायचे तर नाण्याची कड पाहा. कडेवर तांब्याचा लालसर पट्टा दिसला तर ते थरांचे, बिनचांदीचे नाणे. ९० टक्क्यांच्या नाण्याची कड एकसारखी पांढरी असते.

२. आमच्याकडे १९७२ चा मोठा आयसेनहॉवर डॉलर आहे. तो चांदीचा ना?

बहुधा नाही. चलनात आलेले आयसेनहॉवर डॉलर बिनचांदीचे. ४० टक्के चांदीचे होते ते संग्राहकांसाठी वेगळे काढलेले, आणि त्यांवर सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीचे ‘एस’ हे अक्षर असते. पण ‘एस’ असलेली काही बिनचांदीची नाणीही निघाली, म्हणून अक्षरावर न थांबता वजन करा. चांदीचे २४.५९ ग्रॅम भरते, बिनचांदीचे २२.६८.

३. एका नाण्यात चांदी किती? मोडीचा भाव कसा काढायचा?

मॉर्गन आणि पीस डॉलर दोन्ही २६.७३ ग्रॅमचे. त्यात शुद्ध चांदी २४.०६ ग्रॅम, म्हणजे हल्लीच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने जवळपास दोन तोळे चार ग्रॅम. हाफ डॉलर १२.५ ग्रॅमचा, त्यात ११.२५ ग्रॅम चांदी. क्वार्टरमध्ये ५.६२ ग्रॅम, डाइममध्ये २.२५, युद्धकाळातल्या निकेलमध्ये १.७५ आणि ४० टक्क्यांच्या केनेडीत ४.६ ग्रॅम. हा आकडा त्या दिवशीच्या शुद्ध चांदीच्या प्रतिग्रॅम भावाने गुणला की मोडीचा भाव निघतो.

सराफाकडे नेले तर तो एवढाच हिशोब करेल, वर घट कापेल. त्यात त्याचे चुकत नाही, तो धातू घेतो, नाणे घेत नाही. म्हणूनच सराफाकडे जाण्याआधी साल, टांकसाळीचे अक्षर आणि ग्रेड या तीन गोष्टी पाहायच्या. एकदा वितळलेले नाणे परत येत नाही.

४. टांकसाळीचे अक्षर कुठे शोधायचे?

मॉर्गनच्या मागच्या बाजूला, पुष्पचक्राच्या गाठीखाली आणि ‘डॉलर’ शब्दाच्या वर. ‘सीसी’ म्हणजे कार्सन सिटी, ‘ओ’ न्यू ऑर्लिन्स, ‘एस’ सॅन फ्रान्सिस्को, ‘डी’ डेन्व्हर (मॉर्गनमध्ये फक्त १९२१). अक्षरच नसेल तर नाणे फिलाडेल्फियाचे, त्यात काही उणे नाही.

पीस डॉलरवर ते मागच्या बाजूला डावीकडे, ‘वन’ या शब्दाखाली. मर्क्युरी डाइमवर मागे, दांड्यांच्या जुडीच्या बुडाशी. चालत्या स्वातंत्र्यदेवीच्या हाफ डॉलरवर १९१६ ला आणि १९१७ च्या काही नाण्यांवर दर्शनी बाजूस, नंतर मागे खाली डावीकडे. १९६४ पर्यंतच्या वॉशिंग्टन क्वार्टरवर मागे पुष्पचक्राखाली. आणि हो, अमेरिकन नाणे वरून खाली उलटायचे असते. पुस्तकाच्या पानासारखे बाजूला उलटले तर मागची बाजू डोक्यावर उभी दिसते. तो दोष नाही.

५. सुरुवात कोणत्या नाण्यांपासून करावी?

आमचा सल्ला : आधी प्रत्येक प्रकाराचे एकेक नाणे. बार्बर (डाइम, क्वार्टर किंवा हाफ डॉलर), मर्क्युरी (डाइम), चालती स्वातंत्र्यदेवी आणि फ्रँकलिन (दोन्ही हाफ डॉलर), मॉर्गन, पीस. सहा नाण्यांत सहा वेगळे ठसे, सहा प्रकारची झीज हाताखालून जाते. मग त्यातले जे मनात भरेल त्याची सालवार मालिका. एकदम मॉर्गनची पूर्ण मालिका धरली तर १८९३-एस (फक्त १,००,००० नाणी पाडली) आणि १८८९-सीसी (३,५०,०००) या दोन जागांवर वर्षानुवर्षे अडकायला होते. पीस डॉलरची मालिका त्या मानाने आटोक्यातली आहे.

६. १९२१ चे मॉर्गन इतके स्वस्त का? आणि मध्ये सोळा वर्षे मॉर्गन का नाहीत?

१९०४ ला टांकसाळीकडची चांदी संपली म्हणून काम थांबले. पुढचा भाग थेट हिंदुस्थानशी जोडलेला आहे. पहिल्या महायुद्धात इथले लोक कागदी नोटा घेऊन चांदीचे रुपये मागायला सरकारी खजिन्यांपुढे उभे राहिले आणि ब्रिटिश सरकारकडची चांदी आटत चालली. १९१८ च्या पिटमन कायद्याने अमेरिकेने आपल्या खजिन्यातले २७,०२,३२,७२२ चांदीचे डॉलर वितळवले. त्यातल्या सुमारे २५.९ कोटी डॉलरची चांदी औंसाला एक डॉलर दराने ब्रिटनला विकली, ती हिंदुस्थानातल्या रुपयांसाठी. आजीच्या डब्यातल्या पंचम जॉर्जच्या १९१८-१९ च्या रुपयात एखाद्या मॉर्गनची चांदी असू शकते.

वितळवलेले डॉलर पुन्हा पाडायचे, अशी अट त्याच कायद्यात होती. म्हणून १९२१ ला घाईने मॉर्गन परत सुरू झाला आणि एकट्या फिलाडेल्फियाने ४ कोटी ४६ लाख ९० हजार पाडले. जुने मूळ साचे नष्ट केलेले होते, त्यामुळे नवे करावे लागले आणि त्यांचा उठाव चपटा आला. सालापेक्षा हा चपटेपणाच १९२१ ची खूण आहे.

वितळवताना कोणत्या सालाची किती गेली याची नोंद ठेवली नव्हती. त्यामुळे ‘किती पाडली’ हा आकडा मॉर्गनच्या बाबतीत अर्धीच गोष्ट सांगतो (प्रश्न १५).

७. ग्रेड म्हणजे नेमके काय? ७० पैकी गुण कसले?

विल्यम शेल्डन यांनी १९४९ ला जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० ची मोजपट्टी मांडली. पुढे तीच सर्व नाण्यांना लागू झाली. १ म्हणजे कोणते नाणे आहे एवढेच कळते. ४ ते ६ गुड, ८-१० व्हेरी गुड, १२-१५ फाइन, २० ते ३५ व्हेरी फाइन (व्हीएफ), ४०-४५ एक्स्ट्रा फाइन (एक्सएफ), ५० ते ५८ अबाउट अनसर्क्युलेटेड. ६० पासून ७० पर्यंत ‘एमएस’, म्हणजे मिंट स्टेट : चलनात न फिरलेले नाणे.

नावांवर जाऊ नका. ‘गुड’ नाणे म्हणजे चांगलेच झिजलेले नाणे. ‘प्रूफ’ ही तर ग्रेडच नाही, ती खास घासूनपुसून तयार केलेल्या साच्यांनी नाणे पाडायची वेगळी रीत आहे. प्रूफ नाणेही हाताळून खराब होऊ शकते.

८. घरी ग्रेड कशी ठरवायची?

खोलीतले मोठे दिवे बंद करा. टेबलावर एकच पिवळा दिवा, नाण्यापासून हात-दीड हातावर. ट्यूबलाइटखाली चकाकी आणि ओरखडे दोन्ही लपतात. खाली मऊ टॉवेल पसरा, नाणे सुटले तर वाचते. नाणे नेहमी कडेला धरायचे, अंगठा आणि तर्जनीत.

आधी नुसत्या डोळ्यांनी पाहा आणि नाणे हळूहळू कलते करत फिरवा. न झिजलेल्या डॉलरवर प्रकाशाचे दोन पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. ठसा बसताना धातू मधून कडेकडे वाहतो आणि पृष्ठभागावर केसाहून बारीक रेषा उमटतात, हे पट्टे त्यांच्यामुळे दिसतात. पट्टा फिरताना उंच भागावर येऊन तुटला आणि तिथे करडा ठिपका दिसला तर नाणे चलनात फिरलेले आहे. ग्रेड ५८ किंवा खाली.

मग पाच ते सात पट दाखवणारे भिंग घ्या. दहापटीने पाहिले तर प्रत्येक नाणे वाईट दिसते. मॉर्गनवर तीन जागा : कानावरचे केस, कपाळाशेजारचे केस, मागे गरुडाची छाती. कपाळापासून कानापर्यंतच्या केसांच्या रेषा दोन तृतीयांश दिसत असतील तर व्हीएफ-२०. सगळ्या रेषा ठसठशीत, कान उठावदार आणि छातीवर किंचित झीज असेल तर ४०.

बार्बर नाण्यांना याहून सोपी कसोटी आहे. डोक्यावरच्या पट्टीतल्या ‘लिबर्टी’ची अक्षरे मोजा. तीन दिसली तर व्हेरी गुड, सातही दिसली, पुसट का होईना, तर फाइन.

शेवटी दोन्ही बाजूंची ग्रेड वेगवेगळी लिहा. अंतिम ग्रेड बहुतेक वेळा दर्शनी बाजूच ठरवते.

९. कानावरचे केस सपाट आहेत पण नाणे चकाकते. झिजलेले की ठसाच कमजोर?

न्यू ऑर्लिन्सच्या मॉर्गनबद्दल हा प्रश्न हमखास येतो आणि तिथे उत्तर बहुधा ‘कमजोर ठसा’ असते. नाण्यात कानावरचे केस आणि मागची गरुडाची छाती एकमेकांच्या पाठीला पाठ लावून आहेत. साच्यांमधले अंतर थोडे जास्त राहिले की मधल्या भागात धातू दोन्हीकडे पुरत नाही आणि दोन्ही जागा एकदम सपाट राहतात.

सपाट जागा कलती करून पाहा. चकाकी तिच्यावरूनही सलग जात असेल, किंवा तिथे मूळ चकतीचे बारीक खड्डे-ओरखडे दिसत असतील, तर ठसा कमजोर. जागा गुळगुळीत, करडी आणि मेलेली असेल तर झीज. कमजोर ठशाचे नाणे एमएस राहू शकते, फक्त ६५ आणि वरची ग्रेड त्याला सहसा मिळत नाही.

१०. दोन्ही नाणी न वापरलेली, मग एक एमएस-६२ आणि दुसरे ६५ का?

डॉलर टांकसाळीतून हजार नाण्यांच्या गोण्यांत जायचे. सत्तावीस किलोच्या आसपासची गोणी फेकली, सरकवली, की नाणी एकमेकांवर आपटायची. त्या खुणा किती, केवढ्या आणि मुख्य म्हणजे कुठे, यावर ६० ते ७० चा फरक ठरतो. नाण्यावरच्या स्वातंत्र्यदेवीच्या गुळगुळीत गालावरचा एक ठळक घाव पुष्पचक्रात लपलेल्या पाच घावांपेक्षा जास्त गुण खातो. चेहऱ्यासमोरची मोकळी जागा तशीच नाजूक. जोडीला चकाकीची ताकद आणि ठसा. नवख्याने आधी ६३ आणि ६५ ची प्रमाणित नाणी (प्रश्न १९) शेजारी ठेवून पाहावीत, वर्णन वाचून हा फरक डोळ्यात बसत नाही.

११. नाणे काळे पडले आहे. चिंच, राख किंवा टूथपेस्टने साफ करू का?

नका करू. या पानावरचे दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल. देवघरातली चांदी घासायची सवय हाताला असते आणि हेतू चांगलाच असतो, पण प्रश्न ८ मधल्या त्या बारीक रेषा एकदाच, टांकसाळीत तयार होतात. राख आणि टूथपेस्ट त्यांना खरवडतात, चिंचेचे आम्ल वरचा थर खाते. भांडे उजळते, नाणे मरते. शंभर वर्षे कोणी हात न लावलेल्या नाण्याचे मोल दोन मिनिटांत मोडीच्या भावाजवळ येऊ शकते.

बाजारात मिळणारे चांदी बुडवायचे द्रावण काळेपणा काढते, पण काळेपणा म्हणजे चांदीचीच गंधकाशी झालेली संयुगे, त्यामुळे तो जाताना वरची चांदीही जाते. दोन-तीनदा बुडवलेले नाणे पांढरे पण निर्जीव दिसते.

एका गोष्टीला मुभा आहे. प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटातून आलेला हिरवट चिकट थर, तेल किंवा टेपचा गोंद शुद्ध ॲसिटोनने काढता येतो. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात रंग-सुगंध असतात. खिडकी उघडी, जवळ ज्योत नाही. काचेच्या वाटीत मिनिटभर बुडवा, दुसऱ्या वाटीतल्या ताज्या ॲसिटोनमध्ये खळबळा आणि आपोआप वाळू द्या. पुसायचे नाही. ॲसिटोन चांदीला धक्का लावत नाही.

१२. आधीच कोणी घासलेले नाणे कसे ओळखायचे?

एकाच दिव्याखाली फिरवा. सगळ्या रेघा एकाच दिशेने किंवा गोल-गोल गेल्या असतील तर फडका फिरला आहे. उंच भाग झिजलेला पण खोलगट जागाही पांढरीफेक, हा विरोधाभास पकडा. खऱ्या जुन्या नाण्यात अक्षरांच्या बुडाशी मळ आणि काळेपणा उरतो. तारेच्या ब्रशने ‘चमकवलेल्या’ नाण्यावर अक्षरांच्या कडेला धातू ढकललेला दिसतो.

दागिन्यात वापरलेले नाणे असेल तर बारा वाजण्याच्या जागी कड तपासा. कडी काढून झाळ घासली असली तरी तिथले कंगोरे विसकटलेले राहतात.

अशा नाण्याला प्रमाणन कंपन्या अंकाऐवजी ‘डिटेल्स’ असा शेरा देतात : तपशील एक्सएफचा, पण घासलेले. दुर्मीळ सालाच्या बाबतीत असे नाणे कमी किमतीत घेणे शहाणपणाचे ठरू शकते. सर्वसाधारण सालाच्या बाबतीत नाही.

१३. खोटे नाणे घरच्या घरी कसे पकडायचे?

०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणि कॅलिपर घ्या. मॉर्गनचा व्यास ३८.१ मिलिमीटर. वजनात टांकसाळीला साधारण ०.१ ग्रॅमची सूट होती, म्हणून न झिजलेले नाणे २६.६३ ते २६.८३ मध्ये असायला हवे. झिजलेले कमी भरेल, जास्त भरायला काही कारण नाही. जुन्या बाजारात पथारीवर मिळणारे खोटे ‘ट्रेड डॉलर’ (प्रश्न २०) इथेच पडतात. खरा ट्रेड डॉलर २७.२२ ग्रॅमचा असतो आणि त्याच्यावरच ४२० ग्रेन (वजनाचे जुने माप) असे कोरलेले असते.

पुढे लोहचुंबक. चिकटले तर विषय संपला. ताकदवान निओडिमियम चुंबक कलत्या चांदीवरून संथ घसरतो, पण तांब्यावरूनही संथ घसरतो, म्हणून ही चाचणी एकटी पुरत नाही.

खरी कसोटी घनतेची. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणे दोऱ्याने पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असे धरा, बुडबुडे झटका. मॉर्गनसाठी काटा २.५९ च्या आसपास दाखवतो. कोरडे वजन भागिले हा आकडा सुमारे १०.३ आले पाहिजे. ९ च्या खाली आले तर चांदी नाही.

चांदी खरी पण नाणे खोटे असेही होते. १८९६, १९०० आणि १९०२ चे काही ‘बारीक ओ’ असलेले मॉर्गन संग्राहकांनी वर्षानुवर्षे खरे मानून जपले. ती त्या जुन्या काळातलीच बनावट नाणी निघाली.

१४. १८९३-एस मिळतोय. अक्षर चिकटवलेले नाही ना?

शंका धरूनच पाहा. १८९३ चे फिलाडेल्फियाचे खरे नाणे घेऊन त्यावर ‘एस’ बसवतात, त्यामुळे वजन, घनता सगळे बरोबर येते. पण चलनासाठीचे सगळे १८९३-एस दर्शनी बाजूच्या एकाच साच्यातून निघाले. त्या साच्याची एक खूण आहे : ‘लिबर्टी’तल्या ‘टी’च्या माथ्यावर बारीक तिरकी उठावाची रेषा. दहापटीचे भिंग इथे वापरा. रेषा नसेल तर मागचे ‘एस’ कितीही सुबक असले तरी सोडा. १९१६-डी मर्क्युरी डाइम (२,६४,००० पाडले) आणि १८८९-सीसी यांच्याबाबतही हाच धोका. ही तीन नाणी प्रमाणित असल्याशिवाय विकत घेऊ नयेत.

१५. संख्या कमी पाडली तरी काही नाणी सहज कशी मिळतात?

कारण ती वापरलीच गेली नव्हती. अमेरिकन सरकारच्या तिजोरीत कार्सन सिटीचे सुमारे २८ लाख डॉलर पडून होते. १९७२ ते १९८० या काळात ते कडक प्लॅस्टिकच्या डब्यांत लोकांना विकले गेले. १८८४-सीसी ११ लाख ३६ हजार पाडले, त्यातले बहुतांश या साठ्यात कोरे निघाले. अशा मूळ डब्यातून नाणे काढू नका, डब्यालाही किंमत आहे. १९०३-ओ चे उलट झाले : १९६२ पर्यंत ते अति दुर्मीळ म्हणून विकले जात होते, त्या वर्षी तिजोरीतून गोण्या बाहेर आल्या आणि भाव कोसळला.

१६. माझ्याकडे १८९५ फिलाडेल्फिया / १९६४ चा पीस डॉलर / १८०४ चा डॉलर आहे...

१८९५ फिलाडेल्फियाचे मॉर्गन आज फक्त प्रूफ स्वरूपात ओळखले जातात, ८८० नगांची नोंद आहे. बहुतेक वेळा ‘ओ’ किंवा ‘एस’ पुसलेले असते, मागची जागा भिंगाने तपासा. १९६४ सालाचे पीस डॉलर डेन्व्हरने १९६५ मध्ये पाडले आणि सगळे वितळवले. १८०४ चे डॉलर जेमतेम पंधरा-सोळा माहीत आहेत.

१७. इंद्रधनुषी रंग आलेले नाणे खरे की रंगवलेले?

नैसर्गिक रंग फिक्या पिवळ्यापासून तांबूस, जांभळट-गुलाबी आणि मग निळा, या क्रमाने सरकतात. कागदी अल्बममधल्या नाण्यावर ते कडेकडून आत येतात. क्रम सोडून एकदम भडक निळा-गुलाबी पसरलेला, ओरखड्यांच्या आतही तसाच शिरलेला रंग संशयास्पद. रंगाखाली चकाकीचा पट्टा फिरताना दिसलाच पाहिजे.

१८. पावसाळ्यात नाणी कशी ठेवायची?

कोकण, गोवा, मुंबईत हा प्रश्न वर्षाचे चार महिने डोक्यावर असतो. नाणे कडक, पारदर्शक कॅप्सूलमध्ये, कॅप्सूल हवाबंद डब्यात, डब्यात सिलिका जेल. जेलचा रंग बदलला की तापवून परत वापरा. मऊ पीव्हीसी पाकिटे, रबर बँड, वर्तमानपत्र, लाकडी कपाट आणि लोकर टाळा. रबर आणि लोकरीतले गंधक चांदी काळी करते. दक्षिणा ठेवतो तसे मखमली बटव्यात एकत्र ठेवले तर नाणी एकमेकांवर घासतात.

१९. प्रमाणित करून घेणे परवडते का? भारतातून पाठवता येते?

पीसीजीएस (१९८६) आणि एनजीसी (१९८७) या दोन कंपन्यांचे प्रमाणन जगभर चालते. नाणे सीलबंद डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये येते. फी, टपाल आणि विमा मिळून येणारा खर्च ग्रेडमुळे वाढणाऱ्या किमतीपेक्षा कमी असेल तरच पाठवा. झिजलेल्या १९२१ मॉर्गनसाठी नको. विकत घेताना स्लॅबवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाका आणि तिथला फोटो असेल तर नाण्यावरच्या खुणा एकेक जुळवा, कारण स्लॅबही खोटे निघतात.

भारतातून पाठवताना एक अडचण आहे. पुरावस्तूंबाबतच्या १९७२ च्या कायद्यात शंभर वर्षांहून जुने नाणेही पुरावस्तूच्या व्याख्येत येते आणि खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. व्याख्येत नाणे कोणत्या देशाचे याचा अपवाद केलेला नाही. म्हणून १८८१ चा मॉर्गन कुरियरला देण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे लेखी विचारणा करा. नाणे अजून अमेरिकेत नातेवाइकांकडेच असेल तर तिथूनच प्रमाणित करून घ्या आणि इकडे आणताना सीमाशुल्कात बिलासह जाहीर करा.

२०. ट्रेड डॉलरवर चिनी अक्षरांचे छोटे ठसे मारलेत. नाणे खराब झाले का?

हे नाणे १८७३ पासून मुळात चीनच्या व्यापारासाठीच पाडले. तिथले व्यापारी चांदी तपासून आपला ठसा मारत. असे ठसे असलेली नाणी वेगळ्या आवडीने जमवणारे संग्राहक आहेत आणि प्रमाणन कंपन्याही ‘चॉप मार्क’ अशी नोंद करून त्यांना ग्रेड देतात. मात्र आधी वजन करा (प्रश्न १३), खोट्या नाण्यांवरही असे ठसे मारलेले सापडतात.